लक्ष्मम्माची न संपणारी डबी

लक्ष्मम्मा देवळाकडे वळली, हे खिडकीतून पक्के पाहून महांतप्पाने आरशामागची पावडरीची डबी काढली. ती परत यायला वीस मिनिटे होती. त्याने झाकण उघडले आणि च्च केले. मधे पत्र्याचे बूड लख्ख दिसत होते. पावडर उरली होती ती फक्त कडेकडेने. एवढ्या पावडरीत बायकोचे दोन दिवसही निघाले नसते.

महांतप्पा सास्तूरचा मोटरवाला. बोअरमधून जळून आलेली मोटर पुन्हा पाणी फेकायला लावणाऱ्या माणसासमोर या डबीची काय मातब्बरी! त्याने टाचणीने कड खरवडली, चमच्याच्या पाठीने भुगा बारीक केला. चिमूटभर टाल्कम, रंग जुळावा म्हणून किंचित मुलतानी माती, स्पिरिटचे चार थेंब. वर स्वच्छ फडके अंथरले आणि मोटरीचे जुने बेअरिंग दाबून धरले. फडके उचलले तेव्हा डबीत कोरी करकरीत वडी बसली होती. पंख्याखाली ती वाळेपर्यंत तो दाराकडे बघत उभा राहिला. उभ्या जन्मात त्याने केलेली चोरी म्हणाल तर ही एवढीच.

डबी लेकीने, महेश्वरीने, चार वर्षांपूर्वी पहिल्या पगारातून आणलेली. तसा रंग आता दुकानात येत नव्हता, उमरग्यापर्यंत विचारून झाले होते.

"कंपनी चांगली हाय," लक्ष्मम्मा शेजारणीला सांगायची. "संपतच न्हाय बगा."

तेव्हा महांतप्पा मिशीत हसायचा. पण पावडरीमागचे कारण हसण्यासारखे नव्हते. त्र्याण्णवच्या भूकंपात पहाटे घराचे मातीचे माळवद कोसळले आणि दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली लक्ष्मम्मा दगडमातीखाली गेली. महांतप्पा वेड्यासारखा पहारीने ढिगारा उकरत होता. एक घाव दगडावर न बसता मऊ कशावर तरी बसला. ती जिवंत निघाली, डावा गाल फाटून. "दगड लागला," ती डॉक्टरांना म्हणाली, गावालाही तेच म्हणाली. तोही तेच म्हणत राहिला. तिला खरेच दगड वाटला असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. त्यानंतर तो उठायच्या आत ती पावडर लावून मोकळी व्हायची, आणि तो देवळात असो की एसटीत, तिच्या उजव्या अंगालाच बसायचा. चारचौघांत बाईला बरे दिसावेसे वाटते, निदान तेवढे तरी आपण पुरवावे, असा त्याचा साधा हिशेब होता.

आता मात्र लक्ष्मम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गुरुवारी दोघे ऑपरेशनसाठी उमरग्याच्या हॉस्पिटलात आले. तिथे पोहोचेपर्यंत सगळे ठीक होते. मग पौर्णिमा सिस्टर हातात साबणाची वडी देऊन म्हणाली, "मावशी, तोंड स्वच्छ धुवून या. पावडर अजिबात चालणार नाही."

लक्ष्मम्मा बाकावर घट्ट बसली. "मला न्हाय करायचं. चला घरी."

"अगं, आनखी थांबलं तर डोळा जाईल म्हनले डॉक्टर."

"जाऊ द्या. दुसरा हाय की."

"त्यो तरी कुठं धड हाय? काल मिठाच्या जागी सोडा घातलास आमटीत."

"खाल्ली न्हवं तुमी?"

"खाल्ली," महांतप्पा म्हणाला. मग जरा नरमाईने, "इथं वळखीचं कोन हाय गं? तुजं तोंड बघायला म्या एकटाच."

"म्हून तर," लक्ष्मम्मा म्हणाली आणि तिने पदर गालावर ओढून घेतला.

महांतप्पाला ते कळायला वेळ लागला. इतकी वर्षे ही बाई गावापासून नव्हे, त्याच्यापासून गाल लपवत होती.

"लक्ष्मे," तो म्हणाला. "दगड नव्हता त्यो."

"गप बसा."

"पहार हुती. माजी."

तिने मान वर केली. "तुमाला कुनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? हातात माज्याच हुती की. तुला कवापासनं ठावं?"

"तवाच. बॅटरीचा उजेड आला, त्याच्यासंगट टोक आलं." ती थांबली. "म्हनलं, कळलं तर ह्यो मानूस जलमभर जिवाला लावून घेईल. म्हून झाकलं. आन् डबीला मधनंमधनं स्पिरिटचा वास. येडी न्हाय म्या. वाटलं, तुमालाबी त्यो वण बघवत न्हाय, म्हून भरताव."

"अगं, तुला आवडती म्हून भरत हुतो म्या!" महांतप्पा जवळजवळ ओरडला. समोरच्या बाकावरचे लोक वळून बघू लागले.

बेसिनपाशी तो पहिल्यांदाच तिच्या डाव्या अंगाला उभा राहिला. तिला नळ नीट दिसेना, म्हणून साबण त्यानेच हातावर फेसला. मोटरीच्या तारांनी चिरलेली ती जाड बोटे गालावर फिरली तेव्हा लक्ष्मम्माने डोळे मिटून घेतले. रंगाचे पाणी वाहून गेले. खाली एक बारीक, पांढुरकी रेघ होती, करंगळीएवढी. महांतप्पाच्या मनात ती इतकी वर्षे कानापासून हनुवटीपर्यंत उघडी होती आणि वाहत होती.

"इवढीच?" तो म्हणाला.

"मग केवढी वाटली तुमाला?"

वाहत्या नळासमोर तो म्हातारा हुंदके देऊन रडायला लागला. लक्ष्मम्माच्या हनुवटीवरून पाणी टपकत होते. ते तसेच ठेवून तिने पदराचे टोक हाताशी घेतले आणि चाचपत त्याचे डोळे शोधले.

"मावशी, झालं का? नंबर आला तुमचा!" आतून पौर्णिमा सिस्टर म्हणाली.

"आले की," लक्ष्मम्माने आवाज दिला. "ह्यांचं तोंड पुसते आन् येते."