डोक्यावर दोन रेघा

मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्याआधी एक करून पाहा. शीळ घालताना करता तसा ओठांचा चंबू करा आणि तो तसाच ठेवून 'ए' म्हणा. हसू आले ना? आता कल्पना करा, की एका देशात एवढा आवाज म्हणजे एक पूर्ण शब्द आहे. त्याचा अर्थ 'तो' असा होतो. आणि 'ती' असाही होतो.

तो देश हंगेरी. हा शब्द लिहिताना इंग्रजी 'ओ' काढायचा आणि त्याच्या डोक्यावर दोन तिरप्या रेघा द्यायच्या: ő. मी त्या देशातला, तिसा नदीकाठच्या सेगेड गावातला एक जुना टाइपरायटर आहे. माझा रंग उडाला आहे, घंटी कधी वाजते, कधी वाजत नाही. पण या एका अक्षरापायी माझ्या आयुष्यात जे घडले, ते फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येते.

माझे शरीर परदेशातल्या कारखान्यात घडले. अक्षरे मात्र बुडापेस्टच्या एका म्हाताऱ्या कारागिराने बसवली. एकेक अक्षराचा लोखंडी तुकडा तो दांडीच्या टोकाला डाग देऊन जोडत होता. ő ची पाळी आली तेव्हा त्याने चष्मा पुसला. "हे नीट बसवायला हवं," तो स्वतःशीच म्हणाला, "नाहीतर माणसाला शेजाऱ्याबद्दल चार शब्द बोलता यायचे नाहीत."

सेगेडला मला सेप्लाकी विल्मोश नावाच्या शिक्षकांनी आणले. (आमच्याकडे आडनाव आधी असते.) दिवसा ते शाळेत भूगोल शिकवत आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून कथा लिहीत. सेगेडची माणसे बोलताना साध्या 'ए'चाही चंबू करतात. राजधानीतले लोक त्यावरून त्यांना चिडवतात. विल्मोशकाका त्याच बोलीत लिहायचे, त्यामुळे माझ्या गोल अक्षरांना कधी उसंत नव्हती. वीस वर्षे मी टकटकत राहिलो. गावात त्यांच्या कथांचे कौतुक होई आणि मला वाटे, त्यातले थोडे माझेही आहे.

मग एक दिवस त्यांनी माझ्यावर झाकण घातले आणि मला कपाटात ठेवले. देशाबाहेर पाठवलेल्या त्यांच्या कथा परत आल्या होत्या. सोबत नम्र पत्रे होती: भाषा कुणाला येत नाही, क्षमस्व. "आपल्या भाषेला शेजारी पुष्कळ आहेत, पण सोयरं कुणी नाही," असे ते म्हणाले आणि त्यांनी कपाट लावून घेतले. आठ वर्षे मी कपाटातल्या मोजे आणि लोकरीच्या टोप्यांत काढली.

मला बाहेर काढले ते क्लोटिल्डबाईंनी. त्या त्याच शाळेत इंग्रजी शिकवत होत्या आणि काकांशी रोज भांडत होत्या. त्यांच्या हातात एक पत्र होते. परदेशातले एक प्रकाशक जगभरच्या भाषांतल्या कथांचे पुस्तक काढणार होते, आणि हंगेरियनला त्यात एक जागा होती. फक्त एक.

"तुझी नावाड्याची कथा मी इंग्रजीत करते आहे," बाई म्हणाल्या. "महिन्याअखेर पोचली नाही तर आपली पानं दुसऱ्या भाषेला देतील, असं स्पष्ट लिहिलंय."

"देऊन टाका म्हणावं," काका म्हणाले. "आठ वर्षं मी वाट नाही पाहिली, आता ते कशाला पाहताहेत?"

"तू वाट पाहत नव्हतास, रुसला होतास. सरक, मला यंत्र काढू दे."

ती कथा तुम्हाला सांगायलाच हवी. तिसाला पूर येतो. गावे बुडतात. मेंढीच्या कातड्याचा मोठा कोट घातलेले, कानांवर टोपी ओढलेले कुणीतरी तीन दिवस एकट्याने होडी वल्हवून माणसे वाचवते. एरवी आमच्याकडे ő हा शब्द गाळला तरी वाक्य चालते, पण काकांनी तो मुद्दाम पानोपानी, एखाद्या नावासारखा वापरला होता. ő आले, ő ने हात दिला. गावचा गिरणीवाला पूर्वी म्हणालेला असतो, की बाईच्या हाती होडी द्याल तर गाव बुडेल. शेवटच्या पानावर ő त्यालाच पाण्यातून ओढून घेते, टोपी घसरते, आणि लांब वेणी पाण्यावर पडते. वाचणाऱ्याला तेव्हा कळते, की आपण हे कधी विचारलेच नव्हते.

आमच्या भाषेत हे गुपित आपोआप राहते. इंग्रजीत पहिल्याच ओळीत 'तो' की 'ती' हे सांगावे लागते. तुमच्या भाषेत तर 'आला' की 'आली' हे क्रियापदच फोडते, म्हणून मीही इथे चाचपडत सांगितले.

बाईंनी सगळीकडे 'तो' लिहिले होते. काकांनी वाचले आणि कागद टेबलावर ठेवले. "क्लोटिल्ड, तू वाचकाशी खोटं बोलते आहेस."

"मग 'ती' करू? वेणी पहिल्या पानावरच सोडू?"

"दोन्ही नको. पाठवू नकोस. कथा मोडून जाण्यापेक्षा घरी राहिलेली बरी."

बाईंनी चहात साखर घातली, ढवळली, आणि परत साखर घातली. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

त्या दिवशी बाईंची नात बोरोका आली होती. बारा वर्षांची, दोन वेण्यांची, खसखस भरलेल्या गोड पावाच्या गुंडाळीचा तुकडा सतत तोंडात. तिला माझ्यावर टाइप करायला फार आवडे. "निदान पहिलं पान तरी नीट उतरवून ठेव," आजी म्हणाली, "पुढचं पुढे बघू." बोरोका बोटे पुसून बसली आणि हस्तलिखितावरून इंग्रजी वाक्ये टाइप करू लागली.

पान झाल्यावर आजीने ते उचलले आणि कपाळाला हात लावला. "अगं, हे काय केलंस? जिथे 'तो' आहे तिथे सगळीकडे ő मारलंयस."

बोरोका लाल झाली. "आजी, शाळेतपण माझं हेच होतं. इंग्रजीत 'तो' आला की मी थांबते. मग बोटं आपलंच करून मोकळी होतात."

"आण इकडे. परत करावं लागणार."

"थांब," काका म्हणाले. त्यांनी पान खिडकीशी नेले. एकदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ गोल होत होते. "क्लोटिल्ड, तिकडच्या वाचकाला हे काय वाटेल?"

"नाव वाटेल. होडीवाल्याचं नाव." बाई बोलता बोलता थांबल्या आणि खाली बसल्या. "नाव वाटेल, विल्मोश. आणि शेवटी जेव्हा कळेल..."

"तेव्हा आपल्याकडचा एक शब्द त्यांच्या तोंडात आधीच बसलेला असेल," काका म्हणाले. मग बोरोकाकडे वळून त्यांनी गंभीरपणे विचारले, "तू अशा चुका आणखी किती करू शकतेस?"

पुढचे पाच दिवस घरात दुसरे काम नव्हते. 'त्याचा', 'तिचा' असे शब्द टाळायला बाईंनी प्रत्येक वाक्य नव्याने बांधले. काका दर पानाला भांडले. बोरोका टाइप करत राहिली आणि मी, मित्रांनो, आयुष्यात इतके ő कधी मारले नव्हते. शेवटच्या पानावर, वेणीच्या दोन ओळी आधी, माझा जुना डाग सुटला. ő चा तुकडा टणकन जमिनीवर पडला.

कुणी ओरडले नाही. बोरोकाने तो शोधून काड्यापेटीत ठेवला आणि उरलेल्या ओळींत साधा 'ओ' टाइप करून शाईने दोन-दोन रेघा काढल्या. कथा वेळेत गेली. दुरुस्तीवाला म्हणाला, महिन्याभराने येऊन डाग देतो.

तो यायच्या आदल्या दिवशी परदेशातून पत्र आले. कथा निवडली होती. पण शेवटी लिहिले होते: आमच्या छापखान्यात हे अक्षर नाही. रेघा वगळून साधा 'ओ' छापला तर चालेल ना?

"हो म्हणून कळवते," बाई हळूच म्हणाल्या. "दोन रेघांसाठी पुस्तक कुठे सोडायचं?"

"साधा 'ओ' म्हणजे काहीच नाही, क्लोटिल्ड. नुसतं भोक आहे ते."

मित्रांनो, तुमच्याकडे 'ळ' आहे. उद्या कुणी म्हणाले, की तो नसला तरी चालेल, 'ल' वापरा, तर तुमच्या बाळाचे आणि फळाचे काय होईल? अक्षरे सांभाळावी लागतात. जुनी यंत्रे झाकणाखाली ठेवून ती सांभाळली जात नाहीत, वापरून सांभाळली जातात. माझ्या भाषेला लहान म्हणणारे पुष्कळ भेटले. मी त्यावर कधीच विश्वास ठेवला नाही, आणि त्या घरातल्या सर्वांत लहान व्यक्तीनेही ठेवला नाही.

बोरोका माझ्याजवळ येऊन उभी राहिली. माझी एक दांडी पुढे टोक नसलेली, तशीच उघडी होती. तिने तिच्यावरून बोट फिरवले.

"विल्मोशकाका," ती म्हणाली, "उद्या दुरुस्तीवाल्याला येऊ नका म्हणून सांगू?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. नवी कथा त्यांच्या डोक्यात घोळत होती, हे मला ठाऊक होते. मग त्यांनी मान डोलावली. "सांग."

तेव्हा बोरोकाने काड्यापेटी घेतली, लोखंडी तुकडा कापसात गुंडाळून पाकिटात घातला, आणि तिच्या वाकड्यातिकड्या इंग्रजीत सोबत चिठ्ठी लिहिली: "हे ते अक्षर. याच्यावरून साचा पाडा. परत पाठवायची घाई नाही, तोवर आम्ही इथे रेघा हाताने काढू."