गुलाबराव मास्तरांच्या हातातलं घमेलं

गुलाबराव मास्तरला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. भर वर्गात माझ्या रत्नमालेला पट्टीच्या टोकानं दाराकडे ढकलत तो मला म्हणाला होता, "शेवंता, इचं ध्यान ठिकाणावर राहत नाई. इच्या हाती घमेलं दे अन् आपल्यासंगं कामावर घेऊन जा."

पट्टीनं ढकललं, कारण हात लावायचा नव्हता. आम्ही नागपूरला दीक्षा घेऊन भिलाईत आलो होतो, पण त्याच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. आमच्या मुलांच्या हातून तो पाटी घ्यायचा नाही. ती जमिनीवर ठेवायला लावायचा आणि मग उचलायचा. माझ्या अंगाची नुसती आग व्हायची.

कारखान्याची पहिली भट्टी तेव्हा उभी राहत होती. मी तिथं रेजा होते, म्हणजे सिमेंट-गिट्टीचा माल वाहणारी बाई. शाळेचे मोठे गुरुजी भले माणूस. ते म्हणाले, "उन्हाळ्याच्या सुट्टीत तयारी करून घ्या. शाळा उघडली की मी स्वतः पाढे विचारीन. आले तर दुसरीत बसेल, नाहीतर नाव काढावं लागेल." नाव निघालं असतं तर मास्तर म्हणाला तेच झालं असतं. पोर माझ्यामागं घमेलं घेऊन आली असती.

पण तिला शिकवायचं कसं? पाटी पुढ्यात घेतली की बाहेर क्रेन हलायची आणि ही तिकडे पळायची. शेजारणीची फोडणी पडली की हिचं नाक तिकडे. दोन ओळी झाल्या की उठलीच. मी ओरडले, मारलंसुद्धा. त्या फटक्यांचं पापही मी मास्तरच्याच माथी मारते.

एकदा ढलाईच्या, म्हणजे सिमेंटचा माल ओतायच्या दिवशी तिला सोबत नेलं, कारण घरी कोणी नव्हतं. ढलाईला आम्हा रेजांची रांग लागते. भरलेली घमेली हातोहात पुढे जातात, रिकामी परत येतात. मध्ये कुणी खाली ठेवायचं नाही, नाहीतर माल जमून जातो, घट्ट होतो. माझी मैत्रीण रुक्मा गमतीनं म्हणाली, "ये वं रत्ने, रिकामे घमेले तू दे." पोर रांगेत शिरली आणि ढलाई संपेपर्यंत हलली नाही. क्रेन डोक्यावरून गेली, तिनं मान वर केली नाही. हाताला काम मिळालं की तिचं डोकं थाऱ्यावर येत होतं. एवढी साधी गोष्ट ना मास्तरला कळली, ना मला.

त्या दिवसापासून आमच्या अंगणात शाळा सुरू झाली. घमेल्यात थोडी रेती टाकायची. रत्नमाला म्हणायची "नऊ एके नऊ" आणि रुक्माच्या हातात द्यायची. रुक्मानं परत दिलं की "नऊ दुणे अठरा". कंटाळली की नळापर्यंत पळून यायचं, पुन्हा रांगेत. बघता बघता दहापर्यंतचे पाढे आले. पण घमेल्याशिवाय गाडी तिसऱ्या आकड्यावर अडायची, आणि घ्यायला समोर माणूस लागायचाच.

तेव्हाच माझ्या मनात ते आलं. उन्हाळाभर मी ते मनात घोळवत राहिले आणि रुक्मालाही सांगितलं नाही.

शाळा उघडली. रेती टाकलेलं घमेलं घेऊन मी, रुक्मा आणि रत्नमाला वर्गात गेलो. मास्तर हसला. मोठे गुरुजी म्हणाले, "तिला जमतं तसं म्हणू द्या." रुक्मा पुढे निघाली, तर मी तिचा पदर धरला.

"तू नको," मी म्हणाले. "वर्ग मास्तरचा हाये. घमेलं मास्तरच घेतीन."

मास्तरचं हसू गेलं. त्यानं हात पाठीमागं बांधले. रत्नमालेनं "नऊ एके नऊ" म्हणत घमेलं पुढे केलं. घेणारं कोणी नाही. बाहेर ट्रक वाजला आणि तिची नजर खिडकीकडे जायला लागली.

"कावून असं करून राहिली?" रुक्मा कानाशी फुसफुसली. "पोरीचं नाव जाईन! मी घेते ना."

मला कळत होतं. माझ्या सूडापायी माझ्याच पोरीची शाळा जात होती. तरी पदर माझ्या मुठीतून सुटेना.

तेवढ्यात रत्नमालेची नजर खिडकीतून परत आली. ती मास्तरवर खेकसली, अगदी ढलाईवरच्या रेजेसारखी, "मास्तर, धरा ना लवकर! माल जमून जाईन!"

अख्खा वर्ग हसला. मोठे गुरुजीही हसले आणि म्हणाले, "धरा, गुलाबराव."

त्यानं धरलं. आमच्या घरचं घमेलं, माझ्या पोरीच्या हातून, बोटाला बोट लागून. "नऊ दुणे अठरा." त्यानं परत दिलं. "नऊ त्रिक सत्तावीस." त्याच्या पांढऱ्या धोतरावर रेती सांडत होती आणि मी एकेक आकडा पोटभर ऐकत होते. मध्येच त्यानं घमेलं खाली ठेवायला पाहिलं, तर पोरगी म्हणाली, "खाली नाई ठेवाचं." दहाचा पाढा संपेपर्यंत तिनं त्याला सोडलं नाही.

मोठ्या गुरुजींनी तिला दुसरीत बसवलं. दुसरीही गुलाबराव मास्तरकडेच होती.

जाताना रुक्मानं घमेलं उचललं. मी तिच्या हातून ते घेतलं आणि मास्तरच्या टेबलावर ठेवलं.

"राहू द्या इथंच," मी म्हणाले. "पोरगी आता रोज पाढे म्हणीन."