वाहिलेली

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं धोंडुबाईनं शाळकरी पोरीसारखी खणखणीत दिली. तिसऱ्याला मात्र गाडी अडली.

"आपलं शरीर आणि आत्मा तू देवाला वाहून देतेस काय?" श्रेयस पाळकांनी जुन्या पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा विचारलं. देवळामागच्या खोलीत दोघंच बसले होते. परवा रविवारी तिचा बाप्तिस्मा व्हायचा होता, त्याची ही तालीम. पाळकांना वाटलं, बाई बावरली. त्यांनी उत्तरही सांगून टाकलं. 'होय, वाहून देते', एवढंच म्हणायचं होतं.

"बाकीचं समदं म्हणतो की," धोंडुबाई म्हणाली. "तेवढं एक सोडा."

"सोडून कसं चालेल, मावशी? मुख्य तेच आहे."

"मी एकदा वाहिल्याली हाय, सायब. सात वर्साची असताना. पुन्यांदा न्हाय वाहून घ्यायची."

पाळक बत्तीस वर्षांचे, पुण्याला शिकून आलेले. ग्रीक वाचलेलं, हिब्रू वाचलेलं. पण या वाक्यासाठी कुठलं पुस्तक उघडायचं ते काही त्यांना सुचेना.

धोंडुबाई सीमेकडच्या एका खेड्यातली. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली म्हणून हिचं नाव धोंडू ठेवलं, आणि ही जगली म्हणून हिला देवीला सोडली. गळ्यात मण्यांची माळ बांधली, कपाळभर भंडारा फासला. कुणीतरी विचारलं, पोरगी तयार हाय न्हवं? आई कानाशी लागून म्हणाली, नुसतं व्हय म्हण. ती व्हय म्हणाली. तिला वाटलं, गूळखोबरं मिळणार. मिळालंही. पुढं देवीच्या नावानं सोडलेली पोर गावातल्या कुणाकुणाची झाली, ते सांगत बसत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांची झोप कशाला मोडा? देवीवर मात्र तिचा कधीच राग नव्हता. देवीनं काही तोंडानं मागितलं नव्हतं. मागणारे दुसरेच होते.

तेविसाव्या वर्षी क्षयानं छातीचा पिंजरा झालेली ती कोल्हापूरच्या एका दवाखान्यात येऊन पडली. डोक्यावर जट. वॉर्डातल्या विमला सिस्टर कात्री घेऊन आल्या, खाटेशी थांबल्या आणि म्हणाल्या, "कापू का? नको असेल तर राहू दे." जन्मात पहिल्यांदाच तिला कुणी काही विचारलं होतं. तिनं दोन दिवस विचार केला. सिस्टर दोन दिवस थांबल्या. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, कापा.

बरी झाल्यावर ती त्याच दवाखान्यात आया म्हणून लागली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही तिथंच होती. सिस्टरांना ती आक्का म्हणू लागली. आक्का बिनलग्नाची, आणि ही ना लग्नाची ना बिनलग्नाची. स्टेशनमागच्या दोन खोल्यांत दोघींनी पंचवीस वर्षं एकत्र काढली. रविवारी धोंडुबाई आक्काबरोबर देवळात जाई, शेवटच्या बाकावर तिच्याजवळ बसे. बाप्तिस्मा घे, असं आक्का एका शब्दानं कधी म्हणाली नाही.

आता आक्काचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, हे जन्म दवाखान्यात काढलेल्या त्या दोघींना कुणी समजावून देण्याची गरज नव्हती. घरी आल्यावर आक्कानं पहिल्यांदाच काही मागितलं. शेवटचं प्रभुभोजन दोघींनी मिळून घ्यायचं. बाप्तिस्मा नसलेल्याला प्रभुभोजनाची भाकर मिळत नाही, म्हणून ही सगळी धावपळ. रविवारी सकाळी देवळात बाप्तिस्मा, आणि दुपारी पाळक भाकर नि प्याला घेऊन घरी येणार, असं ठरलं होतं.

संध्याकाळी पेज भरवता भरवता धोंडुबाईनं झाला प्रकार सांगितला.

"नुसतं म्हण की, धोंडू," आक्का म्हणाली. "तोंडानंच म्हणायचं असतंय. माझ्यासाठी."

धोंडुबाईच्या हातातला चमचा तसाच राहिला. "आईबी ह्येच म्हणालती, आक्का."

आक्काचा चेहरा पडला. पस्तीस वर्षांत जिला शब्दानं दुखवलं नव्हतं, तिला जाता जाता लागेल असं आपण बोलून बसलो, याचं तिला फार वाईट वाटलं. चुकलं माझं, म्हणाली. मग दम खात खात तिनं विचारलं, की तुला काय म्हणायचंय ते तरी सांग, मी पाळकांच्या कानावर घालते.

धोंडुबाईनं वाटी खाली ठेवली. "प्रभूनं सोताला समद्यांसाठी वाहिलं म्हंता न्हवं तुमी? मग झालं की. खुद्द देवच वाहिला म्हटल्यावर आता बायकापोरी कशाला वाहायच्या? मी त्येच्या घरात ऱ्हातो, असं म्हणीन. वाहिल्याली म्हणून न्हाय. घरची म्हणून."

आक्कानं उभा जन्म प्रवचनं ऐकली होती. हे तिनं कुठल्याच पाळकाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिनं धोंडूचा हात धरला आणि झोप लागेपर्यंत सोडला नाही.

शनिवारी पाळकांनी देवळाच्या पंचांना गोळा केलं आणि धोंडुबाईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यांचं मन वळलं होतं. तेवढं एक वाक्य बदलून घेऊ म्हणाले. पंचांत वडीलधारे अण्णा, निवृत्त हेडमास्तर. माणूस कडक, पण खडूस नव्हे. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पाळकसायब, माझ्या आज्यानं ह्योच शब्द म्हटला आणि गावची येसकरी, ती पिढीजात वेठ, सोडली. आता मी देवाचा हाय, गावाचा न्हाय, असं पाटलाच्या तोंडावर सांगितलं. त्या शब्दावर आमी माणसात आलो. त्यो मी कसा पुसू?"

तेही खरंच होतं. एकाच शब्दानं एकाच्या आज्याची सुटका केली होती आणि एकीला खुंट्याला बांधलं होतं. शेवटी, पंच जे नेहमी करतात तेच त्यांनी केलं. वरच्या समितीला पत्र पाठवायचं ठरलं. समिती महिन्यानं बसणार होती. आक्काजवळ महिना नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी ते बोलून दाखवलं नाही.

रविवारी दुपारी पाळक आणि अण्णा घरी आले. धोंडुबाईनं स्टुलावर पांढरं फडकं अंथरलं होतं, आक्काला तीन उशा लावून बसवलं होतं. एवढं करून ती दाराशी जाऊन उभी राहिली. पाळकांनी प्रार्थना केली, भाकर मोडली आणि तुकडा आक्काच्या ओठांपाशी नेला. आक्कानं तोंड मिटून घेतलं.

"धोंडूला?" तिनं विचारलं.

पाळकांनी खाली बघत सांगितलं की तिचं पुढच्या महिन्यात ठरेल.

"मग ऱ्हाऊ दे. पंगतीत एकीला वाढलं नसताना मी घास कवा उचलला न्हाय. आता शेवटाला कुठं उचलू?"

अण्णांनी समजूत घातली. प्रभूच्या मेजावरनं असं उपाशी जाऊ नये म्हणाले. आक्का ऐकेना. धोंडुबाई खाटेशी येऊन गुडघ्यावर बसली आणि विनवू लागली, की खावा, माझं काय घेऊन बसलाय. आक्कानं मान हलवली. तिच्या श्वासाची घरघर खोलीभर ऐकू येत होती. धोंडुबाईला ते सोसवेना. जिनं आपल्याला माणसात आणलं ती आपल्यापायी रिकाम्या तोंडी जाणार, या विचारानं तिचा जीव कासावीस झाला. तिनं पाळकांकडं वळून डोळे मिटले.

"व्हय सायब. माझं शरीर आणि आत्मा मी देवाला..."

सकाळपासून चमचा न उचलणारा आक्काचा हात तिच्या तोंडावर आला.

"नको," आक्का म्हणाली. "माझ्यासाठी तर मुळीच नको."

पाळकांनी तुकडा परत डब्यात ठेवला. डब्याचं झाकण त्यांना लवकर लागेना.

मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला आक्का गेली. धोंडुबाईनं तिला न्हाऊ घातलं, पांढरी साडी नेसवली. मंडळीतल्या बायका मदतीला आल्या होत्या, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

बुधवारी सकाळी दफन झालं. दवाखान्यातल्या जुन्या नर्सा आल्या, सगळी मंडळी आली. पेटी खाली उतरवली. पाळक पुस्तकातून वाचत होते आणि शेजारी अण्णा आपल्या प्रतीतल्या ओळींवरून बोट फिरवत होते. "हे प्रभू, तुझ्या या दासीचं शरीर आणि आत्मा आम्ही तुला," एवढं वाचून पाळक थांबले. पुढचा शब्द समोर छापलेला होता. खड्ड्याच्या काठाशी धोंडुबाई उभी होती. पाळकांनी पुस्तक मिटलं.

"ही तुझ्या घरची आहे," ते म्हणाले. "घरी आली आहे. तिला आत घे."

अण्णांचं बोट त्या ओळीवर तसंच राहिलं. मग त्यांनीही पुस्तक मिटलं आणि सगळ्यांच्या मागून एकट्यानं आमेन म्हटलं. आपल्याकडे बैल गेल्यावर झोपा करण्याची रीत जुनी आहे. देवळंही तिला अपवाद नाहीत.

माती टाकून लोक पांगू लागले तसे अण्णा काठी टेकत धोंडुबाईजवळ आले. "समितीचं मी बघतो. येत्या आयतवारी तुमी तुमच्या शब्दात म्हणा. मी तुमच्या संगं उभा ऱ्हातो."

धोंडुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. राग धरायलाही अंगात बळ लागतं, आणि तेवढं तिच्यात उरलं नव्हतं.

"आता काय घाई न्हाय, अण्णा," ती म्हणाली.

ती फाटकाबाहेर येऊन रिक्षाची वाट बघू लागली. बरोबरच्या नर्सांनी आज घरी जा म्हणून सांगितलं, पण तिला अर्ध्या दिवसाचीच रजा होती. रजेच्या अर्जात 'मयताशी नाते' असं छापलं होतं. त्यापुढची जागा तिनं मोकळी सोडली होती. नातं लिहिलं नाही तर पूर्ण दिवस मिळत नाही. रिक्षा आली. दोन वाजता ती वॉर्डात हजर होती.