मोरीत जाणाऱ्या वस्तूंची यादी

मोरीच्या पाईपमधून त्या दिवशी जे निघालं, ते मी जुन्या वर्तमानपत्रावर पसरून मोजलं. केसांचे गुंते सात. साबणाच्या झिजलेल्या चकत्या दोन. भाताची शितं एकोणीस. ब्लाउजचा हूक एक. आणि या सगळ्याला चिकटलेला करडा, बुळबुळीत लगदा: एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम. बाकी सगळं मिळून पन्नास ग्रॅमही भरलं नाही.

मोरी पाचव्यांदा तुंबली होती. तारखा मी लिहून ठेवल्या होत्या. मधले दिवस बारा, अकरा, दहा, नऊ. मार्च संपून मे आला होता आणि आदिलाबादचं ऊन जसं चढत गेलं, तसे हे दिवस कमी होत गेले.

आईची दोन्ही मूत्रपिंडं मागच्या वर्षी निकामी झाली. हातातून डायलिसिस करायला दोनदा शस्त्रक्रिया केली, दोन्ही वेळा शीर बंद पडली. मग पोटात नळी बसवली. दिवसातून चार वेळा दोन लिटर औषधी पाण्याची पिशवी त्या नळीतून पोटात सोडायची, काही तास ठेवायची आणि काढून टाकायची. हे आमच्या पुढच्या खोलीत चालतं. आधी फरशी पुसतो, पंखा बंद करतो, तोंडाला मास्क बांधतो. मोरी भिंतीच्या पलीकडे. ती तुंबली की काळं पाणी काठावरून स्वयंपाकघरात येतं आणि त्या खोलीच्या उंबऱ्याला लागतं. एप्रिलमध्ये आईच्या पोटात एकदा जंतुसंसर्ग होऊन गेला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी एकदा झालं तर नळी काढावी लागेल.

"मंग?" बाबांनी विचारलं होतं.

डॉक्टर फाईल चाळत राहिले.

प्लंबर राजकुमारने पहिल्यांदा सांगितलं, "केसं हाय मॅडम, तुमच्या घरी केसं लय गळते." मी जाळी बसवली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, उतार कमी आहे. तिसऱ्यांदा त्याने ॲसिड ओतलं आणि त्या वासाने आई दिवसभर खोकत राहिली. पाचव्यांदा त्याने स्प्रिंग गुंडाळली आणि जमिनीकडे बोट केलं. "आता फरशी फोडा लागते."

फरशी फोडायची म्हणजे आठवडाभर घरात धूळ. त्या आठवड्यात आईच्या अठ्ठावीस पिशव्या.

बाबा उकिडवे बसून सुपलीने पाणी बादलीत भरत होते. कलेक्टर कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, लुंगी गुडघ्यापर्यंत ओली. "अर्पू," मान वर न करता ते म्हणाले, "तू बी.एस्सी. केली ना बेटा. जंतूचंच शिकली ना. मंग पाह्य ना वो काय आहे ते."

चौथ्यांदा तुंबली तेव्हाच मी मोरीच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता. जो जे ओतेल, त्याने ते लिहायचं. तांदूळ धुतलेलं पाणी लिंबाच्या झाडाला गेलं, भांडी बाहेर अंगणात घासली. तरी नवव्या दिवशी पाणी उलटलं. त्या संध्याकाळी मी तो कागद काढून वाचला. आंघोळ, कपडे, हात धुणं. आणि आईच्या गोल अक्षरात पुन्हा पुन्हा दोनच शब्द: साधं पाणी. मोजले. छत्तीस वेळा.

नऊ दिवस, रोज चार.

"आई, हे साधं पाणी म्हणजे कोणतं?"

"पोटातलं," आई म्हणाली. "चांगलं नितळ राह्यते ना. लोट्यात ठेवलं त कोणी पिऊन घेईन."

माझ्या संशयाच्या यादीत सगळं होतं, हेच नव्हतं. ते मला पाणीच वाटलं होतं. खरं तर त्या पिशवीवर छापलेलं असतं, दीड टक्का ग्लुकोज. साखर असते म्हणूनच ती अंगातलं जादाचं पाणी ओढून घेते. दिवसातून चार वेळा मुदतीची तारीख बघायला मी ते लेबल वाचत होते.

मेडिकलमधून लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या आणल्या. पोटातून निघालेल्या पाण्यात बुडवलेली पट्टी अर्ध्या मिनिटात गडद तपकिरी झाली. मग लोणच्याच्या तीन बरण्या उकळून घेतल्या आणि प्रत्येकीत एक चमचा लगदा घातला. पहिलीत नळाचं पाणी, दुसरीत साबणाचं, तिसरीत आईचं. तिसऱ्या दिवशी पहिल्या दोन जशाच्या तशा होत्या. तिसरी गळ्यापर्यंत करड्या तंतूंनी भरली होती. उलटी धरली तरी आतलं हललं नाही.

हिशोब सोपा होता. रोजच्या आठ लिटरमधली निम्मी साखर अंगात जाते असं धरलं, तरी साठ ग्रॅम मोरीत. पाईपमधल्या जंतूंना आम्ही रोज पाव वाटी साखर चारत होतो, आणि उन्हाळा ती त्यांना लवकर पचवून देत होता.

नळी शिकवणाऱ्या सिस्टरने पिशवी संडासात ओतायला सांगितलं होतं. तिथला पाईप चार इंची, सरळ टाकीत उतरणारा. पण संडास अंगणाच्या टोकाला आहे, आणि अंगण आमचं आणि शेजारच्या जयवंताबाईंचं एकच.

"तिथं काऊन नाई ओतलं?" मी विचारलं.

आई बरणीकडे पाहत होती. "आमच्या मायले लोकं वरून पाणी ओतत. ओंजळीत. भांड्याले हात लावू नाई देत. माह्या नशिबी ते आलं नाई. पुनवेले विहारात खीर माह्या हातची राह्यते, साठ माणसं खाते. पोटातून नळी निघते म्हणून समजलं त आता आपलेच लोकं वाटी बाजूले सरकवतीन."

"मी नेत जाईन पिशवी."

"तू नेली काय, मी नेली काय. जयवंताचे डोळे फुटले हायेत का?"

मला वाटलं, दोन दिवसांत समजावता येईल.

या बोलण्यानंतर तिसऱ्या सकाळी आईला चप्पल होईना. पाऊल बोटाने दाबलं, खड्डा पडला आणि तसाच राहिला. वजनाची वही पाहिली: एकावन्न पूर्णांक दोन, बावन्न, बावन्न पूर्णांक नऊ, त्रेपन्न पूर्णांक सहा. पिशव्यांचं खोकं उघडलं. सत्तावीस उरायला हव्या होत्या, तीस होत्या.

"रातची सोडून राह्यली," आई म्हणाली. दोन वाक्यांमध्ये तिला श्वास घ्यावा लागत होता. "तूच म्हणली ना, साखर जाते म्हणून मोरी भरते. एक कमी केली त तेवढी कमी भरन. पाणी त्या खोलीत नाई येणार."

बाबा दारात उभे होते. त्यांनी मास्क बांधला, फरशी पुसली आणि पंखा बंद केला. अदलाबदल झाली. निघालेल्या पाण्याची पिशवी मी दोन्ही हातांत धरली आणि मागे न बघता अंगणात गेले. सकाळचे आठ, नळ आलेला. जयवंताबाई ड्रमशी बसल्या होत्या.

"काय वो अर्पिता, काय आहे ते?"

पिशवी गरम होती.

"माह्या पोटातलं पाणी हाय," मागून आई म्हणाली. चौकट धरून, अनवाणी उभी होती. "माह्ये गुर्दे गेले जयवंता. साल झालं. दिवसातून चार खेपा असं काढा लागते."

जयवंताबाईंनी नळ बंद केला. आईच्या पायांकडे पाहिलं. "बाई बाई. अन् मी काय समजून राह्यली, खोक्यावर खोके येते, पडदे लावून बसता, मोरीतून आंबूस वास येते. म्हटलं नागनाथभाऊनं रिटायर होऊन मोहाची काढाले सुरुवात केली."

बाबा मास्कमधूनच म्हणाले, "काढली असती त तुमच्या मालकाले आधी दिली असती वहिनी."

कोणी हसलं नाही, पण जयवंताबाई उठल्या आणि संडासाचं दार त्यांनी माझ्यासाठी पायाने ढकलून धरलं. मी पिशवीचं टोक कापलं. ओतून झाल्यावर दोन तांबे पाणी टाकलं.

बाहेर आले तेव्हा आई विचारत होती, "पुनवेची खीर चालन का माह्या हातची?"

जयवंताबाईंनी बादली कडेला सरकवली. ती भरली होती, तरी त्यांनी पुन्हा नळाखाली धरली. "पाहू," त्या म्हणाल्या. "बाकीच्या बायकाईले इचारा लागन."

आई आत जाऊन बसली. त्या दिवशी तिने चारही पिशव्या घेतल्या. त्यानंतर एकही चुकवली नाही. दुपारची पिशवी ती स्वतः नेऊ लागली, पदर न ओढता. पौर्णिमेच्या दिवशी विहारातून कोणी बोलावणं आणलं नाही. तिने वाटीभर खीर घरीच केली आणि तिला फार पाणी चालत नाही म्हणून ती बाबांनी आणि मी खाल्ली.

पिशवी पहिल्यांदा अंगणातून नेली त्या सकाळीच राजकुमारकडून पाईप पुन्हा घासून घेतला होता. तेव्हा वीस लिटरची बादली एकदम ओतून वेळ मोजली: अडतीस सेकंद. तेराव्या दिवशी, बेचाळीस अंशांच्या दुपारी, तीच बादली काठोकाठ भरली, बाबांच्या हातात घड्याळ दिलं आणि मोरीत पालथी केली.

वीस लिटर, एकोणचाळीस सेकंद.