दोधूला आणायला गेलेली फटफटी

माझं विलायती नाव टाकीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं. ते केव्हाच पुसलं गेलं. शहाद्यात मला सगळे फटफटीच म्हणतात आणि आता मलाही तेच माझं खरं नाव वाटतं. लोटन फिटरच्या अंगणात, कडुनिंबाखाली, विटांवर टेकवून ठेवलेली मी फटफटी बोलतेय. मला चालता येत नाही. आठवतं मात्र सगळं.

माझा जन्म १९२२ सालचा, बर्मिंगहॅममधल्या एका कारखान्यातला. लाकडी खोक्यात भुशात पुरून मला बोटीवर चढवलं. मुंबईला उतरले, रेल्वेनं नंदुरबारला आले आणि तिथून तळोद्याच्या जंगलखात्याच्या साहेबाच्या बंगल्यावर पोचले. साहेबानं मला आठ वर्षं सातपुड्याच्या पायथ्याच्या वाटांवर फिरवलं. समोरून बैलगाडी आली की बैल बुजायचे, गाडीवान शिव्या द्यायचा, आणि साहेबाला मराठी येत नसल्यामुळे तो हसून हात हलवायचा. मायदेशी जाताना त्यानं टेबल-खुर्च्यांबरोबर मलाही विकलं.

मला घेतलं चुनीलालभाई पाटलांनी. घराणं तापीकाठच्या गुजरांचं. कापूस-केळीची शेती, आणि शहाद्याच्या जीनमध्ये भागीदारी. कपाशीतून सरकी काढायच्या त्या कारखान्याला इकडे सगळे जीनच म्हणतात. चुनीलालभाई तेव्हा तिशीतले, हौशी. डोक्याला रेशमी रुमाल बांधून ते धानोऱ्यापर्यंत कापूस बघायला माझ्यावरून जायचे. दोन हिवाळे मजेत गेले. मग प्रकाशा गावाजवळच्या एका नाल्यात आम्ही दोघं पडलो. मला पोचा आला, त्यांचा पाय मोडला.

त्यांच्या आई, अनुसयाबाई, आरडाओरडा करणाऱ्या नव्हत्या. तरुणपणी विधवा झालेल्या, आणि हा एकच मुलगा. त्यांनी गड्यांकडून मला सरकीच्या गोदामात ढकलायला लावलं, पुढच्या चाकातून साखळी ओवून खांबाला बांधलं, गोदामाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोवली. चुनीलालभाई काही महिन्यांनी उठले तेव्हा थोडे लंगडत होते. त्यांनी किल्ली मागितली नाही.

त्या गोदामात मी चौदा वर्षं काढली.

दर हंगामाला सरकीची पोती यायची आणि माझ्या अंगावर रचली जायची. कधी टाकीपर्यंत, कधी हँडलच्याही वर. उन्हाळ्यात पोती निघाली की मी पुन्हा दिसू लागायचे, पण बघणारं कोणी नसायचं. सायलेन्सरमध्ये उंदरांनी घर केलं. टायर चिरा पडून बसले. पलीकडे जीनचं इंजीन धडधडायचं, त्याच्या पट्ट्याचा फटफट आवाज भिंतीतून यायचा, आणि मला वाटायचं, मीही असाच आवाज करायचे. पुढे पुढे तसं वाटणंही थांबलं. कोंडलेलं माणूस आधी दार बघतं, मग भिंत बघतं, मग कशाकडेच बघत नाही. माझं तसंच झालं.

जीनच्या त्या इंजिनाचा फिटर म्हणजे लोटन. चाळिशीचा, बोलायला कमी, घरात फक्त म्हातारी आई भिकुबाई. धाकटा भाऊ दोधू लढाईत गेलेला, लष्करी लॉरीचा ड्रायव्हर म्हणून, पार ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर. लढाई संपली तरी दोधू आला नाही. आलं ते इंग्रजी पत्र. चुनीलालभाईंनी ते वाचून दाखवलं: दोधू नाशिकजवळच्या छावणीतल्या इस्पितळात आहे, घेऊन जा.

लोटन आनंदानं गेला आणि चार दिवसांनी एकटाच परत आला.

झालं होतं ते असं. डोंगराच्या वळणावर दोधूची लॉरी दरीत गेली. पत्र्याच्या केबिनमध्ये तो दोन दिवस अडकून होता, शेजारी त्याचा सोबती मरून पडलेला. पाय जरा कमजोर राहिला, बाकी शरीर सुधारलं. पण दार लागलं की त्याचा श्वास बंद व्हायचा. इस्पितळात त्याची खाट व्हरांड्यात होती. लोटननं त्याला आगगाडीत बसवलं, तर गाडी हलायच्या आतच तो खिडकीतून बाहेर पडला आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. मोटारीचंही तेच. आता इस्पितळ आवरतं घेत होते. डॉक्टरांनी सांगितलं की मार्चअखेर न्या, नाहीतर त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागेल. आणि तिथं व्हरांडे नसतात.

बैलगाडीनं जाऊन यायचं तर वीस दिवस. ऐन हंगामात इंजीन सोडून लोटनला पाच दिवसांवर सुटी मिळणं शक्य नव्हतं. त्यातून मोडलेल्या खांद्याला गाडीचे एवढे धक्के सोसणार कसे, हाही प्रश्न होताच. विचार करता करता लोटनला मी आठवले. चौदा वर्षांत ज्याला मी आठवले असा तो पहिलाच माणूस.

चुनीलालभाई हो म्हणाले, पण किल्ली आईकडे, असंही म्हणाले. अनुसयाबाईंनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. ज्या गाडीनं आपला मुलगा अधू केला ती दुसऱ्याच्या मुलासाठी बाहेर काढणं म्हणजे त्यालाही मारणं, असं त्यांचं म्हणणं.

मग भिकुबाई गेली. गोदामाच्या ओट्यावर सरकी निवडत बसलेल्या अनुसयाबाईंच्या समोर ती खाली बसली, त्यामुळे मला दाराआडून सगळं ऐकू आलं. ती रडली नाही. बराच वेळ तीही सरकीतला कचरा वेचत राहिली. मग म्हणाली,

"बाई, तुम्हना पोऱ्या घर ऱ्हावाले तुम्ही कुलूप लायं. मन्हा पोऱ्याले कुलूपमाच टाकी ऱ्हायनात."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप खडखडलं. अनुसयाबाई स्वतः आल्या होत्या. साखळीचं कुलूप गंजलं होतं, ते त्यांच्यानं निघेना. लोटन पुढे झाला तर त्याला हातानं थांबवलं आणि किल्ली पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या. साखळी सुटल्यावर माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

बाहेर उन्हात आल्यावर मी किती वाईट दिसत होते ते लोटनच्या चेहऱ्यावरून कळलं. हातात दोन महिने होते आणि माझा एकही भाग हलत नव्हता.

रोज इंजीन बंद झालं की तो जीनच्या शेडमध्ये माझ्याकडे यायचा. सगळ्यात आधी उंदरांचं घर काढलं. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. त्यानं वरून रॉकेल आणि एरंडेल ओतलं आणि वाट पाहिली. दररोज लाकडाचा ठोकळा ठेवून हळूच ठोकायचा. जोरानं ठोकलं तर मी फुटेन हे त्याला कळत होतं. अकराव्या दिवशी पिस्टन केसभर सरकला. लोटन खाली बसला आणि त्यानं कपाळावरचा घाम पुसला. मला मात्र दुखलं. इतकी वर्षं एकाच जागी राहिलं की हलणंही दुखतं.

ठिणगी पाडणारा मॅग्नेटो दमट हवेनं मेला होता. तो धुळ्याला पाठवून त्यावर नवी तार गुंडाळून आणली. टायर तर मिळतच नव्हते. लढाई संपली तरी रबराची टंचाई होती. लोटननं जीनच्या जुन्या कॅनव्हासच्या पट्ट्याच्या पट्ट्या कापल्या, टायरच्या आतून शिवल्या आणि वर ट्यूब बसवली. चुनीलालभाईंनी स्वतःच्या वाट्याची पेट्रोलची कुपनं साठवून ठेवली. ते लंगडत यायचे, स्टूल ओढून बसायचे आणि मी कुठल्या चढावर कशी कुरकुरायचे ते सांगायचे. लोटन नुसता ऐकायचा.

दोधूला बसवायला माझ्या बाजूला जोडायची गाडी हवी होती. लोटननं लोखंडी नळ्या वाकवून सांगाडा केला, भंगारातलं एक चाक लावलं, आणि सुताराकडून छान डबा बनवून घेतला. बाजूला फळ्या, वर उन्हासाठी छत, चढायला लहानसं दार. दाराला पितळी कडीसुद्धा. त्याला त्याचं फार कौतुक होतं. एका दुपारी भाकरी घेऊन भिकुबाई आली तेव्हा तो म्हणाला, माय, बसून बघ. म्हातारी बसली. लोटननं दार लावलं, कडी घातली. मग तिनं आतूनच कडीवर हात ठेवला.

"हाई दार काढी टाक," ती म्हणाली. "छत बी काढ. बठ्ठं काढ."

लोटनचा चेहरा उतरला. त्यानं जिवापाड केलेली वस्तू, आणि ज्याच्यासाठी केली तोच डोक्यातून निसटला होता. त्यानं त्याच दिवशी फळ्या उखडल्या. उरली ती एक उघडी, बुटकी खुर्ची. नवारीची पट्टी विणलेली, पाय ठेवायला फळी, धरायला एक दांडी. चारी बाजूंनी वारा.

पण मी काही सुरू होईना. पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत होती, लोटन किक मारून थकत होता आणि मी खोकून गप्प बसत होते. मार्चचे पंधरा दिवस गेले. जीनमधली माणसं मान हलवायला लागली. खरं सांगू का, मला सुरू व्हायचं होतं. पण चौदा वर्षं गप्प राहिल्यावर आवाज कुठून काढायचा हेच आठवत नव्हतं. शेवटी लोटननं वाल्व पुन्हा घासून बसवले, आणि एका सकाळी चौघांनी मला जीनच्या फाटकापर्यंत ढकलत नेलं. उतारावर मी एकदा फट केलं, दोनदा फट केलं, आणि मग थांबलेच नाही. एरंडेलाचा निळा धूर सगळ्या आवारात भरला. गोदामाच्या ओट्यावर अनुसयाबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला, पण आत गेल्या नाहीत.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. मागे पेट्रोलचे डबे, एरंडेलाची बाटली आणि भिकुबाईची भाकर. सारंगखेड्याला तापीची वाळू लागली. तिथं मला बैल जोडून ओढलं आणि नावेवर चढवलं. दोंडाईचा, धुळे. मालेगावला मुक्काम. दर काही मैलांवर लोटन टाकीवरचा छोटा पंप दाबून मला तेल पाजायचा आणि गरम झाले की झाडाखाली थांबायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही छावणीत शिरलो.

दोधू व्हरांड्यात बसला होता. मी समजत होते कोणी वेडा असेल. तो तर दाढी केलेला, नीट कपड्यातला, दमलेला माणूस होता. तो पायऱ्या उतरून आला आणि त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली. उघड्या खुर्चीखाली वाकून बघितलं.

"याले दार नही?" त्यानं विचारलं.

"व्हतं," लोटन म्हणाला. "मायनी काढाले लायं."

दोधू खूप वेळ दांडीला धरून उभा राहिला. लोटन घाई करत नव्हता. त्यानं इंजीनही सुरू केलं नव्हतं. मग दोधू बसला.

परतीची वाट मी आयुष्यात विसरणार नाही. पहिले दहा मैल त्याची दांडीवरची मूठ सुटली नाही. नंतर त्यानं एक हात बाहेर काढला आणि वाऱ्यात धरला. धुळ्याच्या पुढे तो झोपलासुद्धा. पण धुळ्याच्या आधीपासूनच माझ्या पोटात ठकठक सुरू झाली होती. लोटनला ती ऐकू येत होती. खालचं बेअरिंग गेलं होतं. थांबलो असतो तर कदाचित मी वाचले असते. त्यानं टाकीवर हात ठेवला, जरा हळू घेतलं, आणि चालवत राहिला. त्यानं बरोबर केलं. दोंडाईच्याच्या पुढे, तापी पाच मैलांवर असताना, माझ्या आत काहीतरी तुटलं आणि मी कायमची थांबले.

बाजाराहून येणाऱ्या गोवाल नावाच्या गाडीवानानं मला दोर बांधून घरापर्यंत ओढत आणलं. दोधू गाडीत गेला नाही. त्या खुर्चीतच बसून राहिला. भिकुबाईनं खाट अंगणात टाकून ठेवली होती.

चुनीलालभाईंनी मला लोटनलाच देऊन टाकलं. दुरुस्तीला लागणारा भाग विलायतेत होता, आणि विलायत फार लांब. चाकं काढली, विटा लावल्या. दोधू अंगणात राहू लागला. जेवण अंगणात, झोपणं अंगणात, पावसाळ्यात पडवीच्या कडेला. दिवसाचा बराच वेळ माझ्या शेजारच्या खुर्चीत. घराचं दार आठ पावलांवर होतं. जवळजवळ तीन वर्षं त्यानं ते ओलांडलं नाही. गावात लोक बोलायचे. आत ओढून कोंडा, दोन दिवसांत सुधारेल, असंही सांगायचे. भिकुबाई त्यांना चहा द्यायची आणि दोधूला काही म्हणायची नाही.

गेल्या पौषात भिकुबाई आजारी पडली. थंडी फार, तिची खाट आतल्या खोलीत. दोधू खुर्चीत बसून तिचं खोकणं ऐकायचा. लोटन जीनवर गेलेला. एका दुपारी खोकणं थांबलं आणि तिनं पाणी मागितलं. हळू आवाजात, कोणालाच उद्देशून नाही. दोधू उठला. दाराशी जाऊन थांबला. चौकटीला दोन्ही हात लावून उभा, पाठ घामानं भिजलेली. मला वाटलं, परत येईल. तो वाकला आणि आत गेला.

मग मला माठावर तांब्या आपटल्याचा आवाज आला. मग दोघांचं बोलणं. संध्याकाळी लोटन आला तेव्हाही दोधू आतच होता.

भिकुबाई त्या आजारातून उठली नाही. पण शेवटचे नऊ दिवस तिच्या उशाशी दोधू होता.

आता तो जीनच्या आवारात कापसाच्या गाड्या हाकतो आणि घरात झोपतो, खिडकी उघडी ठेवून. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. तिच्यावर आता कोंबड्या बसतात. लोटन भंगारवाल्याला अजून नाही म्हणतो, पण एक दिवस हो म्हणेल, आणि त्याचं मला वाईट वाटणार नाही. मी पुन्हा चालावं असा माझा हट्ट नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं: कोणी उंबऱ्याबाहेर अडून बसलेलं दिसलं, तर त्याला दंडाला धरून आत ओढू नका. बाहेर त्याला बसायला जागा करून द्या, आणि त्याच्या शेजारी थांबा. मी तेवढंच केलं. मला दुसरं काही करताही येत नव्हतं.