जाहिरातीनंतरचा भाग

ती रहस्यमालिका आमच्या घरात अपशकुनी मानली जाते. तिचं संगीत कुठंही वाजलं की दादा चॅनेल बदलतो, वहिनी भांडी आपटते आणि आई मोठ्यांदा हवापाण्याविषयी बोलू लागते. हे सगळं माझ्यासाठी. मी पन्नाशीला आलेय, विमा कंपनीत लोकांचे दावे तपासते आणि बहुतेक फेटाळते. पण घरच्यांच्या लेखी मी अजून नुकताच ताप उतरलेलं पोर आहे.

वीसेक वर्षांपूर्वी झालं होतं असं. शेवटचा भाग चालू होता. गुप्तहेरानं सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा केलं, दार लावलं आणि जाहिराती लागल्या. तेवढ्यात माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला. लग्न करायचं नाही म्हणाला. कारणंही सांगितली, पण भराभर. मला तेव्हाच कळलं, याला जाहिराती संपायच्या आत आटपायचंय. फोन ठेवून वळले, तर दादानं सहानुभूतीपोटी टीव्ही बंद केलेला.

माणूस गेल्याचं दुःख मी यथावकाश पचवलं. खुनी कोण, ते मात्र घशात अडकून बसलं. विचारलं की उत्तर यायचं, "खपली कशाला काढतेस?"

मालिका परत दाखवतायत असं ऑफिसात कानावर आलं. शेवटचा भाग रविवारी दुपारी. मी जेवणं लवकर उरकायला लावली, चॅनेल लावला आणि सोफ्याच्या मधोमध बसले.

संगीत वाजलं. दादानं सवयीनं रिमोट उचलला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग रिमोट तळहातावर आपटला.

"सेल माझ्या मुठीत आहेत," मी म्हणाले.

"बाळे, कशाला जिवाला त्रास करून घेतेस?"

"त्रास तू टीव्ही बंद केलास म्हणून झाला."

"तू रडत होतीस."

"रडताना मला दिसतं."

वहिनी हळूच प्लगकडे निघाली.

"वहिनी, रोज संध्याकाळी तुझी पण मालिका असते."

वहिनी परत येऊन बसली.

"बसा सगळे," आई म्हणाली. "हिच्या त्या नवऱ्यापायी मीसुद्धा मन मारून राहिले. शेजारीण खुनी सांगायला आली होती, मी तिच्या तोंडावर दार लावलं."

"न झालेल्या नवऱ्यापायी," वहिनी म्हणाली.

"तो म्हणायचा, खुनी माळीच," दादाला आठवलं. "दर आठवड्याला. पुराव्यानिशी."

"आणि मालिकेतले संवाद बुडवून," मी म्हणाले.

पडद्यावर दिवाणखान्याचं दार लागलं. जाहिराती सुरू झाल्या. आणि दादाचा फोन वाजला. कुणी हललं नाही.

"वाजू दे," आई म्हणाली. "कुणाला लग्न मोडायचंच असेल तर भाग संपल्यावर मोडेल."

जाहिरातींनंतर पहिल्या झटक्यात माळी सुटला. गुप्तहेरानं उभं राहून त्याची माफी मागितली. खून म्हाताऱ्या आत्याबाईनं केला होता, जिच्यावर कुणाचाच संशय नव्हता, माझाही नव्हता. शेवट तसा सुमारच. पण मला दिसत होता तो वेगळाच माणूस. त्या दिवशी मला फोन करून, धापा टाकत टीव्हीसमोर पोचलेला, आणि समोर माळ्याची माफी. बाजूला सांगायलाही कुणी नाही.

"पुन्हा कधी दाखवतील?" मी विचारलं.

दादानं हात पुढं केला. "आधी सेल दे."

दिले नाहीत.