निजून बांधायचा पट्टा

मी पोटाचा पट्टा बोलतोय. सुताराच्या घरात, दाराआडच्या खिळ्याला लटकलोय. माझ्या मधोमध गोल भोक आहे आणि त्यावर एक झडप. पँट सावरणारा पट्टा मी नव्हे.

दवाखान्यासमोरच्या शिंपीणबाईंनी मला दादाच्या मापानं शिवलं. दादा म्हणजे या घरातला थोरला सुतार. पोटातल्या कॅन्सरच्या गाठीमुळं त्याच्या आतड्याचं तोंड बेंबीच्या डावीकडे बाहेर काढलं होतं. शौच तिथूनच व्हायचं, म्हणून त्यावर पिशवी लावायची. चार महिने ठीक गेले. मग खोकला आला की आतडं बाहेर उतरू लागलं, आधी बोटभर, पुढं वीतभर. दादानं त्याला पाहुणा म्हणायला सुरुवात केली.

"पाहुणा आलाय गं, चहा टाक."

"तुमचा पाहुणा, तुम्हीच बघा," म्हणत त्याची बायको उशी आणून द्यायची.

दवाखान्यातल्या सिस्टरनी सगळ्यांना बसवून शिकवलं होतं. उताणं निजायचं, अंग सैल सोडायचं, ओल्या तळव्यानं आतडं हलकेच आत सारायचं. आत गेलं की निजल्यानिजल्याच पट्टा बांधायचा, म्हणजे झडप त्याला आत धरून ठेवते. ओझं उचलायचं नाही. आतडं लाल असेल तर घाबरू नका. काळं-जांभळं पडलं, दुखलं, तर तडक या.

धाकटा भाऊही तिथंच होता. चौथीत शाळा सोडलेला, रंध्यावर हात उत्तम, पण धीर म्हणून नाही.

एकदा दारात टेम्पो उभा होता आणि कपाट चढवायचं होतं.

"दादा, एक टोक धर ना. उंबऱ्यापर्यंतच."

दादानं धरलं. उंबऱ्याशीच त्यानं पोट दाबलं. "पाहुणा उतरला रे. जरा पडू दे मला."

"आता कुठं पडतोस? टेम्पोवाला बोंबलतोय!" धाकट्यानं मला खिळ्यावरून ओढलं आणि उभ्याउभ्या दादाच्या पोटावर गच्च आवळलं. आतडं बाहेरच होतं. माझ्या भोकाचा काठ त्याच्या मुळाशी रुतला. मला कळत होतं, पण पट्ट्याचं कोण ऐकतं?

तासाभरात ते सुजून वांग्यासारखं झालं. त्याच टेम्पोतून दवाखाना गाठला. सिस्टरनी आधी मला सोडलं. डॉक्टरांनी थांबून रंग पाहिला. तो पुन्हा लाल होत गेला, तेव्हा त्यांनी त्यावर चक्क साखर पसरली.

"साखर?" धाकटा किंचाळला.

"साखर पाणी ओढते, सूज उतरते. आतडं जिवंत आहे याची खात्री करून आम्ही लावतो. घरी मनानं करू नका."

"पाहुण्याला गोडाधोडाचं लागतंच," दादा म्हणाला. कुणी हसलं नाही. अर्ध्या तासानं आतडं आत गेलं.

धाकट्यानं भिंतीकडं बघत विचारलं, "माझ्यामुळंच ना हे?"

"उतरतं ते तुझ्यामुळं नाही," डॉक्टर म्हणाले. "पोट फुगलेलं असताना घाईनं ऑपरेशन झालं, आतड्यासाठी पोटाला पाडलेलं भोक मोठं ठेवावं लागलं. त्यात हा खोकला. कपाटानं भर घातली. आवळलंस मात्र तू. पुढं निजवून बांध."

त्यानंतर आठ महिने रोज सकाळी धाकट्यानंच मला बांधलं. "नीज आधी," तो म्हणायचा. "निजलो बाबा, मास्तर," दादा म्हणायचा. मधूनमधून आतडं उतरायचं, पण पुन्हा कधी काळं पडलं नाही. दादाला नेलं ते त्या मूळच्या गाठीनं. ती यकृतात गेली होती. डॉक्टरांनी हेही धाकट्याला दोनदा सांगितलं. त्यानं दोन्ही वेळा मान हलवली, आणि मानलं एकदाही नाही.

काल वहिनीनं मला धुऊन वाळवलं. "सिस्टरना देऊन ये. कुणाला तरी लागेल."

धाकट्यानं मला हातात घेतलं, उभ्याउभ्याच स्वतःच्या पोटाभोवती गुंडाळलं आणि थांबला. मग दादाच्या खाटेवर उताणा निजला, अंग सैल सोडलं, आणि मला हलक्या हातानं बांधलं. बराच वेळ तो उठला नाही.

आज तो मला पिशवीत घालून नेणार आहे. माझं इलॅस्टिक अजून शाबूत आहे. ज्या पोटावर जाईन, त्याच्या माणसांना एवढंच सांगणं आहे: दारात कुणीही बोंबलत असू दे, आपल्या माणसाला आधी निजू द्या.